चि. घेतीन ऊर्फ गेथिन याच्या बारशाची हकीकत

आळंद, मार्गशीर्ष वद्य तृतीया

तीर्थरूप सरुअक्काच्या पायांशी बालक अच्युताचा साष्टांग नमस्कार. (बालक गेल्या महिन्यात सत्तराव्यात पडलं आणि साष्टांग घातल्यावर उठवायला आता दोन माणसं लागतात. पण तुला पत्र लिहायला बसलं की अजून गणिताचा पेपर हातात पडल्यासारखं वाटतं.) तुझा डावा गुडघा काय म्हणतो? उजव्याचं विचारत नाही. ऑपरेशन झाल्यापासून तो तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान झालाय असं बीदरहून येणारा प्रत्येक माणूस सांगतो. मोतीबिंदू पिकला का? नौबादला पाणी रोज येतं की दिवसाआड? तुळशीला कीड लागली होती ती गेली का? प्रश्न फार झाले, पण नऊ महिने साठलेत, त्याला मी काय करू.

फोन का केला नाहीस असं तू विचारणार नाहीस, कारण फोन मी केलेत. चाळीसेक तरी. त्यातला तू एकच उचललास, मार्चात, आणि त्यावर बोललीस ती तीन वाक्यं मला शाळेच्या प्रार्थनेसारखी पाठ आहेत. "अप्पांचं नाव न्हाई ठेवलं तर मी त्या पोराचं तोंड बघणार न्हाई. तुझं तर मुळीच न्हाई. ठेव फोन." मी ठेवला. तू थोरली, चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली, तुझ्या आवाजानं शेजारच्या वर्गातल्या मुलीसुद्धा उभ्या राहायच्या. मी कोण न ठेवणारा? पण पुढे जे काय घडलं ते तुझ्या कानावर अर्धवट गेलंय (कुणी नेलं तेही मला माहीत आहे, खजुरीची विमलबाई बारशाला आली होती आणि दुसऱ्याच दिवशी बीदरच्या बसमध्ये दिसली). म्हणून आता सगळं क्रमानं लिहितो. पत्र लांबणार आहे. नीट टेकून बस.

आपला संकर्षण तिकडे वेल्समध्ये डोंगरावरच्या पवनचक्क्या दुरुस्त करतो आणि सूनबाई भार्गवी घरी बसून कॉम्प्युटरवर कंपनीचं काम करते, इथवर तुला ठाऊक आहे. फाल्गुनात त्यांना मुलगा झाला. मी त्याच दिवशी पंचांगवाल्या आचार्यांकडे पळालो. वेल्समध्ये सकाळ असते तेव्हा आळंदला दुपार असते हे त्यांना पटवण्यात तास गेला (ते म्हणाले, "तिकडं सूर्यच उशिरा उठत असंल तर त्याला पंचांग काय करील?"), पण अखेर नक्षत्र निघालं. धनिष्ठा, चौथा चरण, अक्षर 'गे'. आता तू सांग, 'गे'वरून मुलाचं नाव काय ठेवायचं? मी तीस वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलेला माणूस, दोन शब्दकोश उपसले. गेनबा सापडला. गेंदालाल सापडला. मग स्वतःच एक नाव घडवलं, गेयानंद, म्हणजे गाण्याजोगा ज्याचा आनंद. ते ऐकल्यावर तुझी भावजय सुशीला "कुकर बघून येते" म्हणून आत गेली. कुकर लावलेलाच नव्हता. तेव्हा मी ठरवलं की अक्षर गेलं खड्ड्यात, अक्का म्हणते तेच खरं, अप्पांचं नाव ठेवू या, शाम. हे सांगायला मी फोन हातात घेतला, तोच तो वाजला. संकर्षण.

"बाबा, पोराचं नाव ठेवलं. आज कागदावर चढवलं. इकडं मुदत असती."

"काय ठेवलंस?"

"गेथिन."

"कोण घेतीन?"

"कोणी न्हाई. गेथिन."

"अरे पण काय घेतीन? कुणाचं घेतीन?"

"बाबा, नावच ते आहे. वेल्श नाव आहे."

अक्का, माझ्या पायाखालची फरशी सरकली. पुण्याकडची माणसं 'घेतील' म्हणतात तिथे आपल्याकडे 'घेतीन' म्हणतात हे या पोराला माहीत नाही का? आळंदला जन्मला, इथल्याच बाजारात भाज्या घ्यायला गेला! नाव म्हणजे नाम असावं, एवढी माझी साधी अपेक्षा. हे तर क्रियापद. त्यातही भविष्यकाळ, तृतीय पुरुष, अनेकवचन! उद्या हा पोरगा मोठा होऊन कुणाच्या दारात उभा राहिला आणि आतून विचारलं 'कोण आहे?' तर हा म्हणणार 'घेतीन', आणि आतले लोक पितळेची भांडी लपवणार. हे सगळं मी फोनवर बोललो. संकर्षण म्हणाला, "बाबा, नाव का ठेवलं ते तर ऐका." मी म्हणालो, मला काही ऐकायचं नाही. (इथे मी चुकलो. हे वाक्य पत्रात एकदाच लिहीन, ते आत्ता लिहिलं.) सुशीला मागून म्हणाली, "अहो, पण 'गे'वरून आलं की!" मी तिला गप्प बस म्हणालो. ती कणीक मळायला गेली, पण ज्या तऱ्हेनं मळली ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पुढचे नऊ महिने मी त्या पोराला नावानं हाक मारली नाही. व्हिडिओवर दिसायचं, हसायचं, पायाचा अंगठा तोंडात घालायचं, आणि मी म्हणायचो, "ते बरं आहे का? त्याला सर्दी झाली का?" स्वतःच्या नातवाला मी नपुंसकलिंगी करून टाकलं. सुशीला मात्र रोज सकाळी पोळ्या लाटताना तेच नाव घोळवायची, गेथिन, गेथिन, तालात. पोळपाटाला पाठ झालं, मला नाही.

कार्तिकात निरोप आला की सगळे येतायत, बारसं आळंदलाच करायचं, आणि सोबत एक म्हातारे पाहुणे आहेत. तेव्हा मी मनात एक बेत केला. (तुझी परवानगी गृहीत धरून केला. तू फोन उचलत नव्हतीस.) मार्केट यार्डासमोरचं लहान कार्यालय घ्यायचं, दीडशे माणूस बोलवायचं, बाहेर मोठा फ्लेक्स लावायचा आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहायचं, 'चि. शाम'. एकदा दीडशे माणसांनी वाचलं की वेल्सचा कागद काय करणार आहे? मी फ्लेक्सवाल्या बसवंतप्पाकडे गेलो, मजकूर दिला, खाली चौकशीसाठी माझा मोबाईल नंबर दिला आणि घरी येऊन शांत झोपलो. मी झोपल्यावर सुशीलेनं बसवंतप्पाला फोन केला. "भाऊ, नाव बदला. गेथिन लिहा." बसवंतप्पा कन्नड माणूस, मराठी कानानं लिहितो. त्यानं विचारलं, "घेतीन?" ही म्हणाली, "हां, तेच." वर फोटोही हिनंच पाठवला. त्यात पोरगं एका सहा फुटी गोऱ्या म्हाताऱ्याच्या कडेवर आहे आणि मागे पाचपन्नास मेंढ्या.

आता तू डोळ्यांसमोर आण. मार्गशीर्षाचे दिवस. तूर कापणीला आलेली, काहींची खळ्यावर पडलेली. मार्केट यार्डाच्या तोंडाशी दहा फुटी फ्लेक्स. त्यावर परदेशी म्हातारा, एक गुटगुटीत बाळ, आणि अक्षरं: 'चि. घेतीन. रविवारी सकाळी दहा वाजता. सर्वांनी अगत्य यावे.' खाली माझा नंबर. काय घेतीन ते लिहिलं नव्हतं. पण या दिवसांत आळंदला लोक काय घेतात हे लिहावं लागत नाही. शनिवारी सकाळी सहापासून फोन सुरू झाले. "मास्तर, पांढरी घेतीन का लाल?" "मास्तर, ओल असली तर घेतीन का?" मी पहिल्या दोघांना म्हणालो, चूक नंबर आहे. तिसऱ्याला म्हणालो, बारसं आहे. तो म्हणाला, "असू द्या, बारसं झाल्यावर घेतीन ना?" मी फोन पिठाच्या डब्यात ठेवला. तिथेही वाजत राहिला.

त्याच दुपारी जीप दारात थांबली. आधी संकर्षण उतरला, मग पोराला घेऊन भार्गवी, आणि मग ते पाहुणे, एकेक पाय असे बाहेर आले की जीप रिकामी व्हायला वेळ लागला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, केस पिंजलेल्या कापसासारखे, तोंड उकडलेल्या बिटासारखं. भार्गवीनं त्यांना सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. म्हातारबांनी बिचाऱ्यांनी ते मनापासून घेतलं. सुशीलेच्या पाया पडले. माझ्या पडले. जीपच्या ड्रायव्हरच्या पडले. शेजारची चन्नव्वा कौतुकानं बघायला आली होती, तिच्या पायांशी वाकले तर ती "अय्यय्यो शिवा!" म्हणत जी पळाली ती थेट तिच्या न्हाणीघरात, आणि आतून कडी. मी पुढे होऊन विचारलं, आपलं शुभनाम? म्हातारबा छातीवर हात ठेवून म्हणाले, "गेथिन."

म्हणजे हा तो! मी संकर्षणाकडे बघितलं. संकर्षणानं भार्गवीकडे बघितलं. भार्गवी तुला माहीतच आहे, दिवसाला दहा शब्द बोलणारी मुलगी. ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "बाबा, आज तरी ऐकायलाव का?" मी ऐकलं. तिचे दिवस भरत आले होते आणि त्या सकाळी तिकडे कमरेएवढं बर्फ पडलं. संकर्षण लांबच्या डोंगरावर पवनचक्कीत अडकलेला. हिला कळा सुरू झाल्या. अँब्युलन्सवाले म्हणाले, रस्ता मोकळा झाल्याशिवाय येता येत नाही. शेजारी म्हणजे अर्धा मैल खाली हे गेथिन, एकटा जीव, मेंढ्या पाळणारा. हिनं फोन केला. त्यांनी ट्रॅक्टर काढला, मागे कोकरं नेण्याची पेटी होती ती जोडली, पेंढा घातला, वर लोकरीच्या सहा घोंगड्या, आणि त्यात आपली सून. पेटीत आधीच दोन कोकरं होती, सकाळीच जन्मलेली. त्यांना उतरवायला वेळ नव्हता म्हणून तीही आली. नऊ मैल. म्हातारबा पुढून सारखे ओरडून गाणं म्हणत होते, हिला कळावं की ट्रॅक्टर चालवणारा अजून जागेवर आहे. दवाखान्याच्या दारात भार्गवी उतरली ती कुशीत एक कोकरू घेऊनच, सोडवेना. त्यानंतर चाळीस मिनिटांनी आपला नातू झाला.

"मी त्यांना विचारलं," भार्गवी म्हणाली, "तुमचं नाव घेऊ का पोराला? तर म्हणले, घे की. मला लेकरू न्हाई. मी गेल्यावर त्याला वापरणार कोण?"

अक्का, मी उठून मोरीत गेलो आणि तोंड धुतलं. दोनदा धुतलं. पण तू मला ओळखतेस. तोंड पुसता पुसता मनातला मास्तर म्हणाला, उपकार ठीक आहेत, ते जन्मभर मानू. पण नावाला अर्थ काय? निदान अर्थ तरी हवा!

रविवारी दहाच्या ठोक्याला कार्यालयात दीडशे निमंत्रित आणि तीसेक शेतकरी. प्रत्येकाच्या हातात धोतराच्या नाहीतर टॉवेलच्या पदरात बांधलेली मूठभर तूर. मी दारात हात जोडून एकेकाला समजावत होतो, तोवर आत म्हातारबांना कुणीतरी नमुना दाखवला. शेतकरीच तो, राहवतंय का? दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, एक दाताखाली फोडला, मान हलवली. झालं! पुढच्या मिनिटाला त्यांच्यापुढे रांग लागली. एकाचा दाणा त्यांनी भुवया उंच करून परत दिला तर तो गडी माझ्यावर उखडला, "मास्तर, सायबाला सांगा, पाऊस अवेळी पडला, माझी काय चूक?" संकर्षण माईकवरून ओरडून सांगायला लागला की हे खरेदीदार नाहीत, इंग्लंडहून आलेले पाहुणे आहेत. 'इंग्लंड' हा एकच शब्द म्हातारबांना कळला. तूर खाली ठेवून ते व्यासपीठावर चढले, माईक काढून घेतला आणि सगळ्या मार्केट यार्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नो! वेल्स!" शेतकऱ्यांना वाटलं खरेदी सुरू झाली. टाळ्या.

माईक त्यांच्या हातात आहेच तर मी संधी साधली. उभा राहून म्हणालो, संकर्षणा, पाहुण्यांना विचार, ह्या नावाला काही अर्थ आहे का? (माझा आवाज गोड होता. हेतू गोड नव्हता.) संकर्षणानं विचारलं. म्हातारबा हसले, आपला लालबुंद हात वर करून सगळ्यांना दाखवला आणि काही बोलले. संकर्षणानं मराठीत सांगायचं सोडून त्यांनाच पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"काय म्हणले? बोल की!"

"बाबा... सावळा. गेथिन म्हणजे सावळा. काळसर."

सभा हसली, कारण म्हाताऱ्याच्या अंगावर सावळं काही असेल तर फक्त बूट होते. ते म्हणाले, माझ्या आईनं काय बघून ठेवलं देव जाणे. मग त्यांनी सगळं सांगितलं आणि संकर्षण एकेक वाक्य मराठीत करत गेला. सहाशे वर्षांपूर्वी तिकडे रीस नावाचा एक सेनापती होता. वर्णानं काळा म्हणून लोक त्याला रीस गेथिन म्हणायचे, जसं आपल्याकडे गावात दोन बाळू असले की एकाला काळा बाळू म्हणतात. तो आपल्या राजासाठी इंग्रजांशी लढला, आणि एका टेकडीवर त्यानं त्यांची दाणादाण उडवली असं सांगतात. पुढे ते टोपणनावच नाव म्हणून चाललं. पण फार नाही हं. वेल्सच्या बाहेर ते कुणाला उच्चारता येत नाही, आणि वेल्समध्येही आता मोजक्याच पोरांना ठेवतात. "माझ्या वर्गात दोघं गेथिन होतो," म्हातारबा म्हणाले. "दुसरा गेला. आमच्या खोऱ्यात आता मी एकटा." आणि मग सहज, जाता जाता, म्हणाले की मूळ शब्द खरं तर 'केथिन' आहे. माणसाच्या नावामागे लागला की आमच्या भाषेत 'क' मऊ होऊन त्याचा 'ग' होतो.

अक्का! मी खुर्चीवरून उठलो नाही, उडालो. 'क'चा 'ग'! वाक् आणि ईश, वागीश! दिक् आणि गज, दिग्गज! तीस वर्षं मी फळ्यावर हेच लिहीत आलो आणि तीस वर्षं एका पोराला त्याचं काही वाटलं नाही, आणि इथे हजारो कोसांवरचा एक मेंढपाळ तेच सांगतोय! मी धावत व्यासपीठावर गेलो. खडू नव्हता, तेव्हा रांगोळीची वाटी घेतली आणि जमिनीवर लिहिलं: वाक्. म्हातारबा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी त्याशेजारी रांगोळीनंच त्यांचं काहीतरी लिहिलं. मी एक उदाहरण द्यायचो, ते एक द्यायचे. ते म्हणाले 'प'चा 'ब' होतो. मी म्हणालो आमचाही होतो, अप् आणि ज, अब्ज! त्यांनी मला मिठी मारली. पंधरा मिनिटं आम्ही दोघं रांगोळीत लोळत होतो. सुशीला, भार्गवी, दीडशे माणूस आणि तीस जणांची तूर बघत होती. (विमलबाईनं तुला "अच्युत बारशात फरशीवर पडला" असं सांगितलं असणार. खरं आहे. पण कारण हे.)

आणि रांगोळीनं हात पांढरे झालेले असताना, तिथेच बसल्या जागी, माझ्या डोक्यात उजेड पडला. सावळा. सावळा म्हणजे शाम. अप्पा! तू म्हणालीस अप्पांचं नाव ठेव, आणि पोरांनी, एक अक्षर ठाऊक नसताना, अप्पांचंच नाव ठेवलंय. फक्त वेल्शमध्ये! मी माईक घेतला. काय बोललो ते धड आठवत नाही, पण एवढं नक्की म्हणालो की माझ्या नातवाचं नाव गेथिन आहे, ते माझ्या वडिलांचं नाव आहे, आणि ज्याला तूर विकायची आहे त्यानंही जेवून जावं. तेवढ्यात मागून चन्नव्वा ओरडली, "गेद्दीनि? यारु गेद्दारु?" तिला वाटलं कुणीतरी 'मी जिंकलो' म्हणून सांगतंय (कन्नडमध्ये 'गेद्दीनि' म्हणजे 'जिंकलो' हे तुला सांगायला नको), आणि कोण जिंकलं ते तिला हवं होतं. मी म्हणालो, चन्नव्वा, सगळेच.

मग पाळणा म्हटला. पोरगं नऊ महिन्यांचं, बाराव्या दिवसाच्या मापाच्या पाळण्यात कसं मावणार? ते कडा धरून उभंच राहिलं आणि जमलेल्या सभेला पुढाऱ्यासारखा हात करू लागलं. घुगऱ्या वाटल्या, लाडू वाटले. शेतकऱ्यांनी आणलेली मूठ मूठ तूर सुशीलेच्या ओटीत घातली, पायली तरी भरली असेल. अर्थाचं विचारलंस तर असा अर्थ, इतिहासाचं विचारलंस तर असा इतिहास, आणि प्रसाराचं विचारशील तर सध्या आळंदला या नावाइतकं दुसरं नाव गाजत नाही. परवा एकानं म्हशीच्या पारड्याला ठेवलं.

तर अक्का, तुझी अट पूर्ण झाली आहे. तू वडील आहेस, इंग्रजी जाणणारी आहेस, शब्दांत अडकणार नाहीस असा भरवसा आहे. इथे थांबतो. शाई आहे, धीर संपला.

तुझ्या एका फोनच्या आशेवर असलेला,
अच्युत

ता. क. तुझ्याशी खोटं बोललेलं मला पचत नाही म्हणून लिहितो. त्या वेल्श शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. 'कुरूप.' म्हातारबांनी तो मला नंतर कानात सांगितला. मी माईकवरून सांगितला नाही. अप्पांचे फोटो काढून बघ, नाव तरीही चुकलेलं नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

ता. क. २. वर मी पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या असं लिहिलंय. मधलं एक गाळलं. पोराला सख्खी आत्या नाही, तेव्हा कानात नाव सांगायचा मान तुझा; तू नाहीस म्हणून चन्नव्वाला बोलावलं होतं. ती पाळण्याशी वाकली आणि परत सरळ झाली. म्हणाली, "हा मान माझा न्हाई. अक्काचा हाय. अक्का यील तवा बोलंल." आणि जाऊन बसली. तिच्या पाठीत बुक्के घालायला तयार उभ्या असलेल्या बायका तशाच राहिल्या. तेव्हा खरं सांगायचं तर बारसं झालेलंच नाही. माईकवर मी काय वाटेल ते बोललो असेन, पोराचा कान अजून कोरा आहे. त्यात गेथिन सांग, शाम सांग, तुझ्या मनात येईल ते सांग. मी चूं करणार नाही.

ता. क. ३. वन्सं, हे मी सुशीला लिहितेय. हुमनाबादला चहाला थांबलोय. ह्यांनी पत्र पोस्टात टाकतो म्हणून काल तीनदा पोस्टात जाऊन परत आणलं, म्हणून मीच सगळ्यांना जीपमध्ये घातलं. पत्र ज्यांच्या हातून मिळालं ते गेथिनबाबा. तुमच्या पाया पडतील, घाबरू नका. मी त्यांना एकच वाक्य शिकवलंय, "अक्का, आत येऊ का?" ते नीट म्हणेपर्यंत दार लावू नका, त्यांना वेळ लागतो. तुम्ही हे वाचाल तेव्हा भार्गवी आणि संकर्षण पोराला घेऊन तुमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी जीपमध्ये असतील. हेही असतील, मागच्या सीटवर, वर्तमानपत्राआड. पेपर आत्तापासूनच उलटा धरलाय. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही तसेच परत जाऊ, राग नाही. पण पोराची दुधाची वेळ साडेअकराची आहे, आणि दूध जरा गरम करून लागतं. तुमचा गॅस चालू आहे ना?